चढाला धूर, उताराला धूर

माझ्या पोटात दुखतं ते एका माणसामुळे, हे आधीच सांगून टाकते. तो माणूस वाईट असता तर फार बरं झालं असतं. पण तो सज्जन आहे, निर्व्यसनी आहे, माझ्या वडिलांना दर आठवड्याला दाढीला नेतो, त्यांच्या डोळ्यांचे थेंब संपले की न सांगता आणून ठेवतो. अशा माणसाची तक्रार कुणाजवळ करायची? मैत्रिणींना सांगायला जावं तर त्या म्हणतात, नशीबवान आहेस गं. मग मी घरी येऊन भांडी जरा जोरात आपटते.

माझे वडील, म्हणजे आप्पा, निपाणीत हायवेच्या कडेला गॅरेज चालवायचे. हा माणूस चिकोडीच्या बाजूचा. आयटीआय करून सहा महिने हात बसवायला म्हणून आमच्याकडे आला तो राहिलाच. आता आप्पा थकले, काचबिंदूनं त्यांची नजर जवळजवळ गेली, आणि गॅरेज तोच बघतो. पाटीवर अजून आप्पांचं नाव आहे, पण गिऱ्हाईक त्याला हाक मारत येतं. आई गेल्यापासून आप्पांचा दुपारचा डबाही त्याच्याच घरून येतो. आमच्याकडे सगळे मेकॅनिकला वस्ताद म्हणतात. हा पहिल्या दिवसापासून आप्पा म्हणतो. का? वस्ताद म्हणायला काय झालं होतं?

गॅरेजात आप्पांचा मान होता तो धुरासाठी. बॉनेट उघडायच्या आधी ते गाडीच्या मागं जाऊन उभे राहायचे आणि मालकाला बोलू द्यायचे नाहीत. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. पांढरा, आणि वास गोडसर, म्हणजे इंजिनात पाणी शिरतंय. निळा म्हणजे ऑईल जळतंय. एवढं तर कुणीही सांगेल. आप्पांची खरी परीक्षा निळ्या धुरापाशी सुरू व्हायची, कारण ऑईल जळतंय हे कळलं तरी ते शिरतंय कुठून हे कळावं लागतं. त्यासाठी त्यांच्याकडे मशीन नव्हतं. तवंदीचा घाट होता. निपाणीतून संकेश्वरकडे निघालं की घाट लागतो. गाडी पुढं, आप्पा दुसऱ्या गाडीतून मागं. चढाला इंजिनावर जोर पडल्यावर निळा धूर आला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या, इंजिन खोला. चढाला काही नाही, पण उताराला पाय काढून गाडी सोडली आणि पायथ्याशी परत ॲक्सिलेटर दाबल्यावर भसकन आला, तर व्हॉल्व्हची सील गेली. ते किरकोळ काम.

घाटातून परत आले की आप्पा हात पुसत पुसत त्याला विचारायचे, "मग? काय झालं असंल?" उत्तर त्यांना माहीत असायचं. तरी विचारायचे. तो विचार करून सांगायचा, चुकायचा, आप्पा परत विचारायचे. मी डबा घेऊन गेलेली असायची, खांबाला टेकून ऐकत उभी. एकदा तो अडला आणि मी पटकन म्हणाले, "सील!" उत्तर बरोबर होतं. आप्पा माझ्याकडे न बघता म्हणाले, "ज्याला इचारलंय त्याला बोलू दे. आणि तू धुरात उभी राहू नको, कापडं खराब व्हतील." तेव्हा मी कॉलेजात होते. ते वाक्य अजून माझ्या अंगावर काटा आणतं.

आप्पांनी माझ्यासाठी काही केलं नाही असं कुणी म्हणू नये, मीही म्हणत नाही. त्यांनी मला शिकवलं, इंजिनिअर केलं. आज मी बेळगावात, उद्यमबागेत एका फौंड्रीच्या लॅबमध्ये आहे. ओतलेल्या लोखंडात कुठं काय कमी पडलं ते मी बघते आणि माझ्या सहीशिवाय माल हलत नाही. कंग्राळीत स्वतःचं घर आहे. गल्लीतल्या बायका मला घाबरतात. पण कोणी म्हटलं असतं की तुझी सगळी डिग्री दे आणि खांबाजवळून चार पावलं पुढं ये, आप्पा तुला विचारतील, तर मी डिग्री देऊन टाकली असती. आप्पांनी मला शिक्षण दिलं आणि त्याला धूर दिला. मला धूर हवा होता.

मागच्या वर्षी मी एका सहकाऱ्याची जुनी पेट्रोल गाडी घेतली. दोनेक महिन्यांनी कंपनीच्या गेटपाशी मोटारसायकलवरचा एक कामगार माझ्या शेजारी येऊन म्हणाला, "मॅडम, गाडी धूर सोडतीया मागनं." दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी चालू करून मागं जाऊन उभी राहिले. निळा. थोडा वेळ आला आणि थांबला. ऑईलची काडी काढून बघितली, पातळी खाली गेलेली. मला इतका आनंद झाला की सांगता सोय नाही. गाडी बिघडल्याचा आनंद होणारी बेळगावात मी एकटीच असेन. सकाळी चालू करताना धूर, मग बंद: रात्रभर ऑईल सीलमधून झिरपतं आणि सकाळी जळतं. सील! मला कुणी विचारलं नव्हतं, पण माझं उत्तर तयार होतं.

त्या रविवारी मी निपाणीला गेले. आप्पा अंगणात खुर्चीवर बसले होते. मी चप्पल काढायच्या आधी सांगितलं, "आप्पा, गाडी निळा धूर सोडतीया. सील गेल्यात."

"बरं," आप्पा म्हणाले, "गॅरेजला चल. तो काय म्हणतोय बघूया."

तो काय म्हणतोय! पंच्याहत्तर किलोमीटर गाडी हाकून मी उत्तर घेऊन आले होते, आणि तो काय म्हणतोय! माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण मी आप्पांचा हात धरून त्यांना गाडीत बसवलं.

गॅरेजात त्यानं आदर केला, खुर्ची पुसून दिली, चहा मागवला. या सगळ्याचा मला आणखी राग आला. मग त्यानं गाडी चालू ठेवून ऑईलचं टोपण काढलं आणि उघड्या तोंडावर तळहात धरला. आतून वाफ धपाधपा हाताला लागत होती. त्यानं सायलेन्सरच्या तोंडावर बोट फिरवलं, अंगठ्यानं चोळलं, वास घेतला. डोकं थोडं तिरकं करून, डोळे बारीक करून. अगदी आप्पांसारखं. माझं नाक आप्पांचं आहे, असं सगळे नातेवाईक म्हणतात. पण त्या नाकानं वास कसा घ्यायचा ते त्याला येत होतं.

"आक्का, मला रिंगा वाटत्यात," तो हळू आवाजात म्हणाला. "हाताला जोर लागतोय आतनं."

"सकाळीच येतो धूर. सील आहे," मी म्हणाले.

"सील बी असतील. पण..."

"पण काय?"

तो आप्पांकडे बघायला लागला. मीही बघायला लागले. आप्पांना आम्ही दोघंही नीट दिसत नव्हतो. ते म्हणाले, "घाटात चला."

माझी गाडी त्यानं घेतली. त्याची व्हॅन मी घेतली, आप्पा माझ्या शेजारी. हायवेला लागल्यावर आप्पा म्हणाले, "माझ्या बाजूची काच खाली घे."

"धूळ येतीया आप्पा."

"येऊ दे. आणि हे बघ, मला आता रंग कळत न्हाय. तू बघायचं आणि मला सांगायचं. जसं दिसंल तसं."

इतक्या वर्षांत त्यांनी मला गाडीबद्दल काही करायला सांगितलं ते हेच. आणि त्यातही मला काय वाटतं हे नव्हतं विचारलं. डोळे माझे वापरायचे, निकाल त्यांनी द्यायचा, आणि तो त्याच्या बाजूनं. मी स्टिअरिंग घट्ट धरलं.

चढ सुरू झाला. पुढं त्यानं गेअर खाली टाकला, गाडी गुरगुरली, आणि सायलेन्सरमधून धूर निघाला. निळा. थोडाथोडका नाही. मागं उसाच्या ट्रॅक्टरवाल्यानंसुद्धा हॉर्न मारला इतका. रस्त्यावर तो तसाच लोंबकळत राहिला आणि आम्ही त्यातून गेलो.

"काय दिसतंय?" आप्पांनी विचारलं.

रिंगा. त्याचं बरोबर, माझं चूक. गॅरेजमध्ये परत जायचं, आप्पा म्हणणार, बघ, तो म्हणत हुता तसंच निघालं. मी खांबाशेजारी उभी.

"काय न्हाय," मी म्हणाले.

"नीट बघ."

"नीटच बघतीया आप्पा. साफ हाय."

खोटं बोलताना मला जराही भीती वाटली नाही. गाडी माझी, इंजिन माझं, खड्ड्यात गेलं तरी माझंच जाणार होतं. आप्पा पुढं बघत राहिले. वाऱ्यानं त्यांचे डोळे पाणावले होते, ते त्यांनी उपरण्यानं टिपले.

वर गाडी वळवून आम्ही खाली निघालो. उताराला त्यानं पाय काढला, आणि पायथ्याशी दाबला. तेव्हाही थोडा धूर आला, पण चढावरच्या पुढं तो काहीच नव्हता. मी मात्र ओरडलेच. "आला आप्पा! आत्ता आला! भसकन! निळा!"

"चढाला न्हाय, आणि उताराला आला," आप्पा म्हणाले.

"व्हय."

"बरं."

गॅरेजात आप्पा खाली उतरले, बाकड्यावर बसले आणि म्हणाले, "पोरीचं बरोबर हाय. सील गेल्यात. बदलून टाक."

मी त्याच्याकडे बघितलं. तो गाडीच्या आरशात सगळं बघत आला असणार, चढावरचा धूर त्यालाही दिसला असणार. क्षणभर वाटलं की आता बोलेल. तो एकदा आप्पांकडे बघून, मग माझ्याकडे बघून म्हणाला, "व्हय आप्पा. सीलच." आणि लाजल्यासारखा हसला.

मी जिंकले. बसनं बेळगावला परत जाताना मला बसायला जागा मिळाली नाही, तरी पाय दुखले नाहीत. सोमवारी लॅबमध्ये मी तिघांना सांगितलं की आमच्या आप्पांच्या चेल्याला कळलं नाही ते मला कळलं. एकीनं विचारलं, कसं काय गं? मी म्हणाले, घरचंच आहे. हे वाक्य म्हणताना मला फार बरं वाटलं.

सील बदलायचं काम एका दिवसाचं. त्यानं आठवडा लावला. फोन केला की म्हणायचा, पार्ट कोल्हापुरातनं यायचाय आक्का. मला शंका यायला हवी होती, पण जिंकलेल्या माणसाला शंका येत नाहीत. पुढच्या रविवारी गाडी ताब्यात घेतली. परत येताना तवंदीचा चढ लागला. आता धूर येणार, सील बदलूनही येणार, आणि माझं पितळ उघडं पडणार. आरशात बघत बघत मी चढले. धूर नाही. गेअर खाली टाकून जोरात दाबला. तरी नाही.

आता खरं तर लाज वाटायला हवी होती. पण माणसाचं मन किती निर्लज्ज असतं बघा. वर पोचेपर्यंत मी स्वतःला पटवलं होतं की त्या दिवशी मलाच नीट दिसलं नसेल, पुढच्या एखाद्या ट्रकचा धूर असेल. म्हणजे मी खोटं बोलले, पण माझं उत्तर खरंच बरोबर होतं. संकेश्वरपर्यंत मी स्वतःला शाबासकी देत आले.

मग पावसाळा संपल्यावर गाडी धुवायला टाकली. धुणाऱ्यानं ती रॅम्पवर चढवली आणि मी खाली वाकून चिखल किती निघतोय ते बघत होते. इंजिनाच्या पोटाला, ऑईल जिथं साठतं त्या पॅनच्या कडेनं, नवा सिलंट लावलेला. बोल्ट घासलेले, लकाकणारे. माझं पोट ओतकाम बघण्यावर भरतं. नवं काय आणि जुनं काय हे मला कुणी सांगावं लागत नाही. सील वरून बदलतात. त्यासाठी इंजिनाचं पोट कुणी उघडत नाही. पोट उघडतात ते रिंगांसाठी.

मी गाडी अर्धवट धुतलेली तशीच काढली आणि निपाणीला गेले. घरी गेले नाही, सरळ गॅरेज.

"रिंगा घातल्यास तू," मी त्याला म्हणाले. "आणि बिलाच्या चिठ्ठीवर सील लिहिलंस."

तो एका गाडीखालून बाहेर आला. नाकारलं नाही. हात पुसत उभा राहिला.

"कुणाला विचारून घातल्यास?"

"आप्पांनी सांगितलं."

"आप्पांनी तर माझ्यासमोर सील सांगितलं होतं."

"तुम्ही बेळगावला गेलासा आणि त्यांचा फोन आला आक्का." तो खाली बघत बोलत होता. "म्हणाले, चढाला काच खाली हुती, ऑईल जळल्याचा वास नाकात बसला. रिंगाच हायत. सील बी बदल, रिंगा बी घाल, आणि तिला काय बोलू नको."

म्हणजे त्या दिवशी व्हॅनमध्ये शेजारी बसून आप्पांनी सगळं ऐकलं होतं. साफ हाय, म्हणालेलं. आला आप्पा, म्हणून ओरडलेलं.

"मग तिथंच का नाही बोलले मला? चार लोकांत झापलं असतं तरी चाललं असतं."

मी जात नाही हे बघितल्यावर तो म्हणाला, "आणखी बी काय म्हणाले. पण मला कुणाला सांगू नको म्हणालेत."

"सांग."

"आक्का..."

"सांग म्हणते न्हवं!"

त्यानं घसा खाकरला. "म्हणाले, पोरगी खोटं बोलली, पण तिचा दोष न्हाय. तिला डोळा हुता, नाक हुतं, तुझ्या आधी उत्तर यायचं तिला. मलाच तिला कधी इचारायचं सुचलं न्हाय. चूक माझी हाय."

गॅरेजमध्ये कुठंतरी हवा भरायचं मशीन चालू होतं. ते बंद झाल्यावर मी म्हणाले, "परत सांग."

त्यानं परत सांगितलं, शब्दाला शब्द. 'चूक माझी' म्हणायच्या आधी आप्पा थांबतात तसा थांबला. शेवटचं 'हाय' आप्पा पडत्या आवाजात म्हणतात तसं म्हणाला. डोळे मिटले असते तर आप्पाच बोलतायत असं वाटलं असतं. इतकी वर्षं त्यांच्या शेजारी काढल्यावर असा आवाज येतो. माझ्या घशात मात्र आईचा आवाज आहे.

"तुमाला कळावं असं मला वाटत हुतं," तो म्हणाला. त्याचा चेहरा खरंच बरा दिसत होता, ओझं उतरल्यासारखा. "पण आप्पांना सांगू नका हं आक्का, मी बोललो म्हणून. मी शब्द दिलता त्यांना."

मी नाही सांगणार म्हणाले. त्याला एवढं तरी देणं भाग होतं. शिव्या देण्यासारखं त्यानं काही केलं नव्हतं, कधीच केलेलं नाही. हीच तर पंचाईत आहे. खांबाला टेकून उभी असल्यापासून मी ज्या एका वाक्याची वाट बघत होते ते आप्पा बोलले होते, पूर्ण, स्पष्ट, काही हातचं न राखता. आणि तेही त्यालाच मिळालं. गॅरेज गेलं, धूर गेला, आप्पा ही हाक गेली, ते सगळं मी कसंबसं गिळलं. पण माझ्याकडे मागायची माफीसुद्धा आप्पांनी त्याच्याकडे मागावी?

आता मी दर रविवारी जाते. आप्पांच्या डोळ्यांत थेंब घालते, चहा करते, समोर बसते. आप्पा विचारतात, गाडी कशी पळतीया? मी म्हणते, झ्याक. मग मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहते. कधी कधी ते काहीतरी बोलायला ओठ उघडतात, आणि फॅन लाव म्हणतात. मी फॅन लावते आणि परत येऊन बसते. त्यांचा चेहरा शांत असतो, मनातलं सगळं बोलून मोकळं झालेल्या माणसाचा असतो तसा. आप्पांच्या लेखी ते सांगून झालेलं आहे.